घोड्यांच्या गवताचा सौदा दिवाळीआधीच व्हावा

माथेरानमध्ये दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू होते, त्याच सुमारास पायथ्याच्या नेरळ-कर्जत भागात भातकापणी उरकत येते आणि डोंगरउतारावरचे गवत कापायला माणसे मोकळी होतात. पुढच्या महिना-दीड महिन्यात गवत भरपूर मिळते, ताजे मिळते आणि वर्षातल्या इतर दिवसांपेक्षा स्वस्तही मिळते. पण चार महिन्यांच्या पावसाळ्यात घोडेवाल्याची कमाई जवळजवळ बंद असते. हंगामाच्या तोंडावर त्याच्याकडे गवत भरून ठेवण्याइतका पैसा नसतो. तो आठवड्यापुरते गवत घेतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतो आणि उन्हाळ्यात तेच गवत चढ्या भावाने घेतो. गवत महाग पडते ते यामुळे. वेळेवर भांडवल आणि साठवायला कोरडी जागा मिळाली, तर हा खर्च बराच खाली येईल.

माथेरानला मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंत येतात आणि पुढे पर्यटकांना व सामानाला नेण्यात घोड्यांचा मोठा वाटा असतो. परवाना असलेले घोडे साडेचारशेच्या आसपास आहेत. डोंगरमाथ्यावर दाट झाडी आहे, एवढ्या जनावरांना पुरेल असे कुरण नाही. साहजिकच गवत खालून घाट चढवून आणावे लागते आणि वाहतूक, चढाई-उतराईचा खर्च प्रत्येक भाऱ्यावर बसतो. थोडे थोडे आणणाऱ्याला तो जास्तच जाचतो.

हिशेब मांडून पाहावा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा आहार लागतो. तीनशे किलोच्या घोड्याला चंदी धरूनही रोज सहा किलोच्या आसपास वाळलेले गवत हवे. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत एका घोड्यामागे सव्वा टन होते, साडेचारशे घोड्यांमागे साडेपाचशे टनांहून अधिक. किलोमागे फक्त दोन रुपये वाचले तरी तीन घोडे असलेल्या कुटुंबाचे हंगामात साडेसात हजार वाचतात. हातावर पोट असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही.

मात्र स्वस्ताच्या नादात कसलेही गवत उचलले, तर वाचलेला पैसा जनावराच्या उपचारावर जातो. गाय-म्हैस रवंथ करते. तिच्या चार कप्प्यांच्या पोटात भाताचा पेंढाही बऱ्यापैकी मुरतो. घोड्याचे जठर एकच आणि शरीराच्या मानाने लहान असते. त्याला उलटी करता येत नाही. बुरशीची किंवा फार राठ वैरण पोटात गेली, तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. धुळकट, बुरशीच्या गवताने श्वसननलिका सुजते, खोकला जडतो. चढावर माणूस पाठीवर घेणाऱ्या जनावराला धाप लागणे म्हणजे मालकाची रोजीरोटी थांबणे.

कोंड्याचेही तसेच. गवत कमी पडले की गव्हाच्या कोंड्याने पोट भरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. कोंड्यात स्फुरद खूप आणि कॅल्शियम फार कमी असते. सतत कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात, तोंडाची हाडे सुजतात. पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. चांगल्या गवताची जागा यातले काहीच घेत नाही.

मग चांगले गवत कोणते? मारवेलसारखे पानाळ गवत फुलोऱ्यात कापले, तर त्यात कस असतो. बी गळून गेल्यावर उरते ती बहुतेक काडी. कोकणात अडचण अशी, की गवत फुलोऱ्यात येते तेव्हा पाऊस पुरता थांबलेला नसतो, आणि तो थांबताच सगळे मनुष्यबळ भातकापणीकडे वळते. गवताची पाळी येईपर्यंत ते पिवळे पडलेले असते. कुसळीचे गवत तर उशिरा कापले की त्याची टोकदार कुसळे घोड्याच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात. म्हणून लवकरच्या कापणीची मागणी आधी नोंदवायला हवी आणि तिचा दरही थोडा जास्त द्यायला हवा. गवत कापणाऱ्यांत कातकरी आणि ठाकूर कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांची मजुरी दाबून मिळवलेली स्वस्ताई कोणालाच नको असावी.

गवत घेताना भारा मोजू नये, वजन करावे. शंभर किलो गवतात पंचवीस टक्के ओल असेल, तर खरा चारा पंचाहत्तर किलो. ओल बारा टक्के असेल, तर अठ्ठ्याऐंशी. म्हणजे ओल्या मालात तेरा किलो पाण्याचे पैसे जादा जातात. साठवणीच्या गवतात ओल पंधरा टक्क्यांच्या आत असावी. ती ताडण्याची एक सोपी रीत आहे: कोरड्या काचेच्या बाटलीत बारीक कापलेले गवत आणि चिमूटभर कोरडे मीठ घालून बाटली हलवायची. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर गवत अजून ओले आहे. गासडी बाहेरून पाहून ठरवू नये. एखादी मधोमध उघडावी. आत हात घातल्यावर ऊब लागली, कुबट वास आला, पांढरी पूड उडाली, तर तो माल परत करावा. रंगात हिरवट झाक आणि काडीला पान टिकलेले असावे.

साठवणही तितकीच महत्त्वाची. गासड्या जमिनीवर न ठेवता फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून सुट्या रचाव्यात, मधून वारा खेळावा. ओलसर गवत दाबून रचले, तर ते आतून तापते आणि क्वचित पेटही घेते. प्रत्येक घोडेवाल्याला असे गोदाम बांधणे परवडणार नाही. नेरळला पायथ्याशी सामाईक पक्की शेड असेल, तर ते शक्य आहे.

साठा नसण्याचा धोका २०२० च्या टाळेबंदीत उघडा पडला. पर्यटक थांबले, कमाई संपली आणि माथेरानच्या घोड्यांना मदत म्हणून आलेल्या चाऱ्यावर दिवस काढावे लागले. साठा असता तर ते पहिले काही महिने इतके कठीण गेले नसते. चाऱ्याच्या सरकारी विचारात दुभती जनावरे आधी येतात हे समजण्यासारखे आहे. पण देशातील घोड्यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेतील सव्वासहा लाखांवरून २०१९ मध्ये सुमारे ३.४ लाखांवर आली. घटत्या संख्येमुळे हे जनावर धोरणातून निसटता कामा नये.

उपाय आवाक्यातले आहेत. घोडेवाल्यांनी एकत्र येऊन सप्टेंबरमध्येच मागणी नोंदवावी. सहकारी बँक किंवा पतसंस्थेने घोड्यामागे सव्वा टन गवताइतके हंगामी कर्ज द्यावे आणि त्याची परतफेड डिसेंबर ते मे या कमाईच्या महिन्यांत ठेवावी. नगरपरिषदेने आणि जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने शेड, वजनकाटा आणि माल उतरवताना तपासणीसाठी एक पशुवैद्य द्यावा. यंदाच्या भातकापणीआधी एवढे ठरले, तर हंगामाचे गवत जानेवारीपर्यंत शेडमध्ये येऊन पडलेले असेल.