पॅरेंट थीमला हात लावू नका

थीम अपडेट झाली आणि साइटचे रूप उडाले, अशा तक्रारींची पत्रे या महिन्यातही थांबलेली नाहीत. त्यांतल्या एका वाचकाने आपला सगळा पत्रव्यवहारच पाठवला आहे. त्याने एका सरकारी कार्यालयाची मराठी साइट वर्डप्रेसवर उभी केली. अपडेटनंतर मथळे मोडले, वेलांट्या आणि रफार वरून कापले गेले. कार्यालयाने लेखी बजावले, यापुढे परवानगीशिवाय एकही अपडेट करू नये. पुढे सुरक्षा ऑडिट झाले. प्रलंबित अपडेट हा त्यातला पहिला दोष निघाला आणि त्याच कार्यालयाने त्याचे बिल अडवले. दोन्ही पत्रांवर सही एकाच अधिकाऱ्याची! मुखपृष्ठावर कोणाचा फोटो कोणाच्या आधी लागेल, हे निविदेत तपशिलाने लिहिलेले असते. रूपातले बदल मूळ म्हणजे पॅरेंट थीममध्ये न करता तिच्यावर आधारलेल्या वेगळ्या चाइल्ड थीममध्येच असावेत, ही एक ओळ मात्र लिहायला कोणाला सुचत नाही.

अधिकाऱ्यांना हे कळत नाही, हे एक वेळ समजू शकते. साइट बनवणाऱ्या आपल्याला कळत नाही का? अपडेटमध्ये थीमचे जुने फोल्डर काढून त्या जागी नवे येते. त्यातल्या स्टाइलशीटमध्ये आपण लिहिलेली प्रत्येक ओळ जाणारच. शिवाय 2020 साली आलेल्या 5.5 आवृत्तीपासून थीमला स्वयंचलित अपडेटचीही सोय आहे, म्हणजे हे आपल्या नकळतही घडू शकते. तरीही थीम एडिटर उघडून थेट पॅरेंटच्या फाइलमध्ये लिहिण्याची आणि नियम लागला नाही की ‘इंपॉर्टंट’ ठोकण्याची सवय आपल्यातल्या अनेकांना सोडवत नाही. काही जण ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’च्या चौकटीवर विसंबतात. तिथला मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, अपडेटमध्ये टिकतो. पण तो त्या थीमशी बांधलेला असतो. थीम बदलली की तोही लागू होत नाही. शेकडो ओळींची ती जागाच नव्हे.

मराठी साइटला तर चाइल्ड थीमवाचून गत्यंतर नाही. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. मथळ्यांना दिलेले लेटर-स्पेसिंग शिरोरेषा तोडते. 1.1 किंवा 1.2 ची लाइन-हाइट इंग्रजीत शोभते, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. इटॅलिकच्या जागी ब्राउझर अक्षरे नुसती तिरकी करतो. हे सारे प्रत्येक साइटवर नव्याने दुरुस्त करावे लागते, म्हणूनच ते एकदा नीट लिहून जपायचे. ब्लॉक थीम असेल तर चाइल्डच्या ‘थीम डॉट जेसन’मध्ये फॉन्ट आणि लाइन-हाइट ठरवा, उरलेले तिच्या स्टाइलशीटमध्ये. साइटची भाषाही मराठीच निवडा. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे, त्यात मराठी वळणाचे ल आणि श तेव्हाच उमटतात.

ज्यांनी पॅरेंटमध्ये बदल करून ठेवले आहेत, त्यांनी आजच बॅकअप घ्यावा आणि स्वयंचलित अपडेट तेवढ्यापुरते थांबवावे. त्याच आवृत्तीची मूळ थीम उतरवून सर्व्हरवरच्या फोल्डरशी ताडून पाहावी. नवी आवृत्ती घेऊ नये, नाहीतर आपले बदल कोणते आणि थीमकर्त्याचे कोणते हे कळणार नाही. निघालेला फरक चाइल्डमध्ये हलवावा आणि मगच अपडेट करावे. पुढच्या प्रत्येक देखभाल करारात चाइल्ड थीमची अट स्वतःहून घाला. कार्यालय ती घालील म्हणून थांबू नका.