डाग एकट्या खेळाडूंचाच का?

१९१९ च्या अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेत शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू लाच घेऊन मुद्दाम हरले, असा आरोप झाला. १९२१ साली ज्यूरीने खटला चाललेल्यांना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी आयुक्त लँडिस यांनी आठही जणांवर तहहयात बंदी घातली. त्यांत जो जॅक्सन होता. लहानपणीच कापडगिरणीत राबलेला, निरक्षर. त्याने पैसे घेतले, हा गुन्हाच. पण करारानुसार खेळाडू एकाच मालकाला बांधलेला. जादा पगारावर दुसरीकडे जाण्याची सोय नाही. असला करार त्याला स्वतः वाचताही येत नव्हता! घरात पहिलाच कॉलेजात आलेला मी विचारतो, त्या कराराचा न्यायनिवाडा कोणी केला? २०२५ साली बंदी उठली. जॅक्सन १९५१ मध्येच वारला होता.