जखम मोठी, म्हणून गुन्हा छोटा होत नाही

खुनाची किंवा जीवघेण्या मारहाणीची बातमी आली की चहाच्या टपरीवर दोनच मते ऐकू येतात. एक म्हणतो, ‘असल्यांना भर चौकात फाशी द्या.’ दुसरा म्हणतो, ‘लहानपणापासून बापाचा मार खाल्लाय, तो तरी काय करणार?’ पहिल्याला आरोपीचा भूतकाळ नको असतो, दुसऱ्याला त्याची जबाबदारी दिसत नाही.

भूतकाळाचा परिणाम होतो, हे खरे आहे. घरात रोज मार खाणारे मूल सतत सावध राहायला शिकते. पुढे कुणाचा सहज धक्का लागला तरी त्याला तो हल्ला वाटतो आणि विचाराच्या आधी हात उठतो. अमेरिकेतील संशोधक कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९६७ ते १९७१ या काळातील कोर्टाच्या नोंदींतून मारहाण, अत्याचार किंवा हेळसांड सोसलेली ९०८ मुले निवडली आणि तशाच परिस्थितीतील, पण असे काही न सोसलेल्या ६६७ मुलांशी त्यांची तुलना केली. १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातील २६ टक्के मुलांना अल्पवयातच अटक झाली होती, दुसऱ्या गटातील १७ टक्के मुलांना.

धोका वाढतो, हे उघड आहे. पण पहिल्या गटातील ७४ टक्के मुलांवर ती वेळ आली नाही. ‘मार खाल्ला म्हणून मारले’ असे सरसकट म्हणणे हा या मुलांवर अन्याय आहे. तीच जखम घेऊन प्रामाणिकपणे रिक्षा चालवणारे, शाळेत शिकवणारे, स्वतःच्या लेकरावर कधी हात न उगारणारे लोक प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक आळीत आहेत.

मग इन्साफ कसा करायचा? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ या खटल्यात वाट दाखवली आहे. फाशीचा प्रश्न असेल तेथे आरोपीचे बालपण, घरातील हिंसा किंवा हेळसांड आणि मानसिक स्थिती यांची माहिती न्यायाधीशांसमोर आलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्या खटल्यात फाशी रद्द झाली, पण आरोपी सुटले नाहीत, जन्मठेप झाली. पार्श्वभूमी ऐकून घेणे म्हणजे माफी देणे नव्हे.

या सगळ्यात एक घर मात्र विसरले जाते. ज्याचा खून झाला, त्याचीही मुले असतात. आरोपीच्या बालपणावर हळहळणाऱ्या गावाने त्या मुलांच्या दारात कितीदा पाऊल ठेवले? उद्याची जखम तिथेच चिघळत असते.

हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. गरिबी आणि घरातील कलहात वाढूनही जी मुले सावरली, त्यांना बहुधा जिवाभावाचे निदान एक मोठे माणूस लाभले होते : कुणाची आजी, कुणाच्या शिक्षिका, कुणाचे शेजारी.

शेजारच्या घरातून रोज मुलाच्या रडण्याचा आवाज येत असेल, तर ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून खिडकी लावून घेऊ नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. दंगलीत दुकान जळताना पाहिलेल्या लेकराला त्याचा धर्म विचारू नये. त्याला जवळ बसवावे. शिक्षा देणे कोर्टाचे काम आहे. त्याच्या कितीतरी आधीचे काम शेजाऱ्यांचे आहे.