सोनेरी गुडघा

सोनईस आमच्या आत्याबाई राहतात. गेलीं तीन वर्षें गुडघ्यानें त्यांस बेजार केलें असून, शहरांतील एका रुग्णालयानें आतां कृत्रिम सांधा बसविण्याचें सुचविलें आहे. सांधे मात्र दोन प्रकारचे दाखविले: एक साधा, दुसरा ‘सोनेरी’, आणि सोनेरीस पैसे बरेच अधिक. “पायांत सोनें घालूं नये म्हणतात, मग गुडघ्यांत कसें चालेल?” हा आत्याबाईंचा पहिला प्रश्न.

तो तत्काळ सुटला. त्या सांध्यांत सोनें गुंजभरहि नसतें. पिवळा रंग टायटॅनियम धातु व नायट्रोजन वायु यांच्या संयुगाचा. सोनईंतच एका लेथवाल्याकडे भोंकें पाडण्याचीं तशीं सोनेरी ड्रिलें आम्हीं त्यांस दाखविलीं. एकाचें टोंक नुकतेंच घांसलेलें होतें, आणि तेथें आंतलें पांढरें पोलाद उघडें पडलें होतें. लेप असतो अवघा तीनचार मायक्रॉनचा. केंस त्याच्या पंधरावीस पट जाड. परंतु हत्यारांचें पोलाद व्हिकर्स मापानें 800-900 कठीण, तर हा लेप 2000 च्याहि वर! पृथ्वीवर हें संयुग निसर्गतः क्वचित् आढळतें. 1852 सालीं आजच्या उत्तर प्रदेशांतील बस्ती येथें पडलेल्या उल्केंत त्याचे सोनेरी कण सांपडले, आणि 1870 सालीं मॅस्केलाइन यांनीं त्यांस ‘ऑसबोर्नाइट’ असें नांव दिलें. आकाशांतून आलेलें म्हटल्यावर आत्याबाईंचा आदर किंचित् वाढला.

ही कठिणता येते रचनेंतून. मिठाच्या खड्यांत सोडियम व क्लोरीन जसे एकाआड एक बसतात, तसेच येथें टायटॅनियम व नायट्रोजन. गुडघ्याच्या लेपांत कांहीं टायटॅनियमच्या जागीं निओबियम घालतात. त्याचा अणु थोडा मोठा. फडताळांत सारख्या डब्यांच्या रांगेंत मधूनमधून मोठा डबा घुसविला कीं रांग वांकडी होऊन घट्ट अडकते; तसेच अणूंचे थर मग एकमेकांवरून सहज सरकत नाहींत. निर्वात पेटींत विजेच्या ठिणगीनें धातूची वाफ करून त्यांत नायट्रोजन सोडतात, आणि फडांतल्या उंसाप्रमाणें बारीक खांब शेजारीं शेजारीं उभे वाढतात. वाफेबरोबर धातूचे थेंब उडून बसले तर तेथें खोट राहते. शिवाय लेपाखालचा धातु त्या मानानें मऊ. गादीवर ठेवलेली कांच जोरानें दाबली तर काय होईल, हें गृहिणीस सांगावयास नको.

आतां मुद्द्याचें. सांध्याचा वरचा कोबाल्ट-क्रोमियमचा भाग पॉलिएथिलीनच्या चकतीवर घांसतो, व झीज मुख्यतः त्या चकतीचीच होते. लेपाचें खरें काम म्हणजे धातूचे, विशेषतः निकेलचे, अंश शरीरांत पाझरूं न देणें. साध्या सांध्याशीं तुलना करून झालेल्या पाहण्यांत सर्वसाधारण रोग्यास सोनेरी सांध्यापासून स्पष्ट अधिक लाभ दिसून आलेला नाहीं. ज्या स्त्रीस खोट्या कुड्यांनीं कान चिघळतात, तिनें मात्र तसें डॉक्टरांस आधींच सांगावें.

आम्हीं आत्याबाईंस तेंच विचारलें. त्या हंसल्या. “खरे दागिने बँकेंत, आणि चाळीस वर्षें अंगावर खोटेच! कधीं पुरळहि उठला नाहीं.” डॉक्टरांनींहि हें ऐकून मान डोलावली. शस्त्रक्रिया कार्तिकांत ठरली आहे. सांधा साधाच घ्यावयाचा आहे.