खेड्यांतील शाळेस धनी कोण?

भिंती उभ्या राहिल्या, फळा टांगला, पटावर नांवें चढलीं, म्हणजे गांवांत शाळा झाली असा आपल्याकडे समज आहे. परंतु जिच्या बऱ्यावाईटाचा जाब कोणास विचारावा हें ठाऊक नाहीं, ती शाळा नव्हे, धर्मशाळा होय.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा ता. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. त्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत मुलें १५० हून अधिक असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. ६० पर्यंत असल्यास दोनच शिक्षक. आतां डोंगरांतल्या वाडीनें दीडशें मुलें आणावयाचीं कोठून? तेथें वडील शिक्षकानेंच दोन-तीन इयत्ता सांभाळावयाच्या, खिचडीचा हिशेब ठेवावयाचा आणि वरून आलेले तक्ते भरावयाचे! अशा मनुष्यानें शाळेचें पुढारीपण करावें तरी कोणत्या प्रहरीं?

कोणी म्हणतील कीं, त्यासाठींच शाळा व्यवस्थापन समिति आहे. खरें आहे. कलम २१ अन्वयें तींत निदान तीन चतुर्थांश पालक व एकंदरींत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेवर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर नजर व विकासाचा आराखडा हीं तिचीं कामें. अधिकार थोडे नाहींत. पण मजुरी बुडवून आलेल्या बाईपुढें आधींच लिहिलेला ठराव अंगठ्यासाठीं सरकविला, तर ती त्या अधिकाराची थट्टाच होय. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतील असावेत असें मांडलें, त्यांतील मर्म आम्हांस हेंच दिसतें कीं, शाळा रयतेस आपली वाटली पाहिजे.

म्हणून आमचें सरकारास सांगणें असें कीं, पट न पाहतां प्रत्येक शाळेस जबाबदार मुख्य नेमावा, आणि जवळच्या चार शाळांमिळून एक कारकून देऊन त्याचें कागदी ओझें उतरावें. समितीची सभा मजुरीच्या वेळेनंतर भरावी व खर्च तींत मोठ्यानें वाचून दाखवावा.

आमच्या व्यापारी वाचकांसही एक विनंति आहे. ज्या खेड्यांच्या बाजारावर आपली पेढी चालते, तेथील पालकांस जमाखर्च वाचावयास शिकविणें आपणांस जड नाहीं. वर्गणी देऊन पाटीवर नांव कोरण्यापेक्षां हें दान मोठें आहे. कारण हिशेब विचारणारा गांव असला, म्हणजे शाळेस धनी मिळालाच.