काचपेटीतील ‘सम्राट अशोक’

विमानाच्या प्रतिकृतीला खेळणे समजून हसण्याचे कारण नाही. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 विमान 70 मीटरहून थोडे अधिक लांब होते. एकास दोनशे या प्रमाणात ते 35 सेंटिमीटर भरते. सिडकोने तळोज्यात दुर्बल घटकांसाठी बांधलेल्या सुमारे 26 चौरस मीटरच्या घरातही फळीवर तेवढी जागा निघते. पण संग्राहक जपतो ते काय? खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके की आणखी काही?

1953 साली राष्ट्रीयीकरण झालेल्या या व्यवसायाने 1971 पासून आणलेल्या 747 विमानांना अशोक, शहाजहान अशी नावे दिली. प्रजासत्ताकाने स्वतःच्या विमानांसाठी सम्राट शोधावेत, हा विनोदच! तरीही ज्याला तिकीट कधीच परवडले नाही, त्याचीही त्या विमानांवर मालकी होती. 1 जानेवारी 1978 रोजी ‘सम्राट अशोक’ वांद्र्यानजीक समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 213 माणसे गेली. एकास दोनशेच्या प्रमाणात माणूस सेंटिमीटरभरही भरत नाही. प्रतिकृतीत तो नसतोच.

27 जानेवारी 2022 रोजी कंपनी टाटांकडे गेली. बोली 18,000 कोटी रुपयांची. पैकी 15,300 कोटी कर्जाचा भार, सरकारच्या हाती रोख 2,700 कोटी. कंपनी तोट्यात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उरलेल्या कर्जाचा डोंगर सरकारकडेच राहिला. विमाने टाटांची झाली; देणे मात्र तळोज्याच्या त्या घरातील करदात्याच्याही माथी आले, आणि फळीवरची प्रतिकृती त्याने पदरच्या पैशानेच घ्यायची आहे.