भिंतीला रंग आणि कलावंताला नारळ

आमच्या लहानमोठ्या शहरांस हल्लीं सुशोभीकरणाचा ज्वर चढला आहे. स्वच्छतेचें सर्वेक्षण जवळ आलें कीं भिंतींवर मोर नाचूं लागतात, चौकांत सिमेंटच्या गवळणी घागरी घेऊन उभ्या राहतात, आणि काल जेथें उकिरडा होता तेथें वारली माणसें फेर धरतात. या वारली कलेचें घर पालघर-डहाणूकडे. तिला येथवर ओढून आणणार्‍यानें वारल्यांस त्याबद्दल एक पैसा तरी धाडला काय, हें कोणी विचारीत नाहीं. रंग सुकतो, फोटो निघतो, बिल मंजूर होतें, आणि पहिल्या पावसाळ्यांत मोराचा पिसारा गळून पडतो.

सौंदर्याशीं आमचें वैर नाहीं. कष्टकर्‍याच्या डोळ्यांसहि चांगली भिंत हवीच असते. परंतु सार्वजनिक पैशानें कला करावयाची म्हटली म्हणजे चार प्रश्न विचारावेच लागतात: पैसा कोणाचा, भिंत कोणाची, हात कोणाचा आणि नांव कोणाचें? हे प्रश्न आम्ही आज पाचगणीच्या वाटेवर उभे राहून विचारणार आहों. कारण वाईपासून भिलारपर्यंतच्या या एका वाटेवर त्यांचीं सारीं अंगें दिसतात.

घाट चढण्यापूर्वीं वाईशेजारीं मेणवलीस जावें. तेथें कृष्णाकांठीं नाना फडणिसांचा वाडा उभा आहे व त्याच्या भिंतींवर पेशवाईंतलीं चित्रें अद्याप आहेत. २००४ सालचा 'स्वदेस' सिनेमा येथल्या घाटावर घेतला, म्हणून पाहुण्यांस मोठ्या कौतुकानें जागा दाखवितात. वाड्याच्या धन्याचें नांव शाळेंतल्या पोरास पाठ आहे. ज्या चितार्‍यानें त्या भिंती बोलक्या केल्या त्याचें नांव विचारलें तर सांगणारा म्हणतो, "होता कोणीतरी." हा 'कोणीतरी' म्हणजेच आमचा बहुजनसमाज, वाचकहो! दोनअडीचशें वर्षें झालीं, धनी बदलले, पण 'कोणीतरी'चें नांव कांहीं भिंतीवर चढलें नाहीं.

वाईहून पाचगणीस निघालें म्हणजे पसरणीचा घाट लागतो. पायथ्याशीं पसरणी गांव आहे. याच गांवीं ३ सप्टेंबर १९२३ रोजीं कृष्णराव साबळे जन्मले, ज्यांस सारा महाराष्ट्र शाहीर साबळे म्हणून ओळखतो. राजा बढे यांचें जें गीत श्रीनिवास खळे यांच्या चालीवर साबळ्यांनीं गाइलें, तें सरकारनें २०२३ सालीं राज्यगीत ठरविलें. आतां तें सरकारी समारंभांत वाजतें व लहानथोर सारे उठून उभे राहतात. गोंधळ, भारूड, वासुदेव, जागरण, कोळीगीत हीं जीं वाड्यांच्या बाहेर राहिलेलीं गाणीं, त्यांचीच माळ करून साबळ्यांनीं 'महाराष्ट्राची लोकधारा' उभी केली. मोटारी भरभरून लोक रोज याच घाटानें वर जातात, ते स्ट्रॉबेरी खावयास. जावोत, स्ट्रॉबेरी आमचाच शेतकरी पिकवितो. परंतु पसरणींत दुसरा शाहीर उपजला तर त्यास आज डफ कोण देईल, शिकवील कोण, आणि उभें राहण्यास चार हात जागा कोठें मिळेल? याचें उत्तर त्या घाटांत आम्हांस कोठें सांपडलें नाहीं.

घाट संपतो व पाचगणी येतें. दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर, तायघाट या पांच गांवांच्या मधलें हें ठिकाण गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत जॉन चेसनसाहेबानें गोर्‍या लोकांच्या हवापालटासाठीं वसविलें. पुढें तेथें निवासी शाळा निघाल्या. त्यांतील सेंट पीटर्स शाळेंत फारूख बलसारा नांवाचा एक पारशी मुलगा शिकत होता. शाळेंत पियानो होता, शिकविणारा होता, वाजवून दाखविण्यास व्यासपीठ होतें. १९५८ च्या सुमारास त्यानें सोबत्यांसह तेथेंच 'द हेक्टिक्स' नांवाचा वाद्यवृंद काढला, आणि पुढें तोच मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगभर गाजला. कोणी म्हणेल, ब्राह्मणेतरांच्या पत्रांत ही विलायती गोष्ट कशास? गोष्ट याचसाठीं कीं गुण आकाशांतून पडत नाहीं. वाद्य, गुरु आणि जागा ह्या तीन गोष्टी मिळाल्या म्हणजे तो उगवतो. डोंगराच्या माथ्यावर त्या तिन्ही होत्या. पायथ्याच्या पोरास मात्र आम्ही सांगतों, "बाळा, तुझी कला फार थोर आहे, तिचें जतन कर." कशानें करावें? हवेनें?

याच पाचगणीनें २०२२ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणांत एक लाखाच्या आंतील लोकवस्तीच्या गांवांत सबंध देशांत पहिला नंबर पटकाविला. तो मान पहांटे झाडू घेऊन बाहेर पडणार्‍या बंधुभगिनींचा आहे आणि आमचा त्यांस मुजरा आहे. जें गांव कचर्‍यास सरळ करूं शकतें त्यास कला जड जाऊं नये, म्हणून तर आम्ही येथें बोलतों आहों.

आतां आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेली एक हकीकत. गांव दुसरें आहे व त्याचें नांव आम्ही घेत नाहीं. एका बड्या पाहुण्याच्या स्वागतास हलगीवाले बोलाविले होते. पाहुणे सकाळीं दहाला यावयाचे ते दुपारीं अडीचला आले. तोंवर चौघेजण उन्हांत उभे. मोटार दिसली कीं हलगी कडाडे, मोटार दुसर्‍याचीच निघाली कीं थांबे. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांतील वडील माणसास आम्हीं विचारलें, "आबा, बिदागी काय मिळाली?" आबा हंसून म्हणाले, "मिळाली की. नारळ मिळाला." आम्हीं म्हटलें, "आणि शाल?" ते म्हणाले, "शाल पुढच्या वक्ताला म्हनत्यात. मागच्या वक्ताला बी पुढच्या वक्ताला म्हनले हुते." त्यांच्या पाठीमागें नव्या रंगविलेल्या भिंतीवर हलगीवाल्याचें भलें मोठें चित्र होतें! चित्रांतल्या हलगीवाल्याचे पैसे चौरस फुटाच्या दरानें ठेकेदारास पोंचले होते. जिवंत हलगीवाल्याच्या हातीं नारळ.

असें कां होतें, तें कळण्यास मोठी अक्कल लागत नाहीं. भिंत रंगविणें हें दप्तरांत 'काम' आहे, आणि हलगी वाजविणें हा 'किरकोळ खर्च' आहे. कामास निविदा निघते. निविदेस अनामत लागते, उलाढालीचे दाखले लागतात, जीएसटीचा क्रमांक लागतो. माणदेशचा गजी नाचणारा धनगर हे कागद कोठून आणील? मग ठेका शहरांतल्या कंपनीस जातो, आणि ती कंपनी कोणा गरीब चित्रकारास रोजावर लावून हलगीवाल्याचें चित्र काढून घेते. त्याचेंहि नांव भिंतीवर येत नाहीं. मेणवलीचा 'कोणीतरी' अद्याप मेलेला नाहीं.

पाचगणीहून पुढें थोड्याच अंतरावर भिलार आहे. ४ मे २०१७ रोजीं सरकारनें तें 'पुस्तकांचें गांव' म्हणून जाहीर केलें. विलायतेंतील हे-ऑन-वाय या गांवाचा धडा त्यास समोर होता. ही योजना आम्हांस आवडली, हें स्पष्ट सांगतों. शेतकर्‍यांनीं आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठीं मोकळ्या केल्या. कुणब्याच्या ओटीवर ग्रंथ आला. जोतीरावांस याहून दुसरें काय हवें होतें? परंतु त्या घरांच्या भिंती रंगविण्यास सुमारें पाऊणशें चित्रकार आले ते ठाण्याकडून. त्यांनीं काम प्रेमानें केलें, त्यांस दोष नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं सातारा-सांगलीच्या एखाद्या चित्रशिक्षकास, पाटी रंगविणार्‍या पेंटरास, त्यांच्या शिडीवर निदान अर्धी जागा मिळावयास हवी होती. पाहुणे गेल्यावर भिंतीचा पोपडा निघेल तो पुन्हा कोण भरणार? शेजारचाच ना?

सार्वजनिक पैशाची कला कोणी पारखावी, हा तंटा आजचा नाहीं. पेशवाईंतील दक्षिणेचा फंड इंग्रजीतहि चालू राहिला व पुढें त्यांतून मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून त्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलें. कुणबी नवराबायकोस भट कसा नाडतो, हें त्या नाटकांत होतें. कमिटीनें तें नाकारलें. ज्यांचें सोंग नाटकांत उघडें पाडलें त्यांचेच सोयरे परीक्षक! उलट राजर्षि शाहू छत्रपतींचें पाहावें. त्यांनीं कोल्हापुरास खासबाग कुस्तीचें मैदान बांधलें आणि त्यास लागूनच १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें केलें. अल्लादियाखांसाहेबांसारख्या गवयास पदरीं ठेविलें, आणि सत्यशोधक जलसेवाल्यांच्या पाठीवरहि हात ठेविला. मल्ल आणि नट, दोघांसहि एकाच राजाच्या तिजोरींतून भाकर मिळाली. पुढें केशवराव भोसल्यांचें नांव मिळालेलें तें नाटकगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत जळालें, तेव्हां कोल्हापुरांतलीं साधीं माणसें रस्त्यावर रडलीं. रंगविलेली भिंत पडली म्हणून कोणी रडल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

आणि कलेची किंमत कलेवरून ठरते असें कोणी म्हणेल, तर त्यानें वाळवें तालुक्यांतील रेठर्‍यास जावें. तेथल्या कुलकर्ण्याचा मुलगा श्रीधर तमाशांत शिरला, महार समाजाच्या पवळाबाईबरोबर बोर्डावर उभा राहिला आणि पठ्ठे बापूराव झाला. लाखों लोकांनीं त्यास डोक्यावर घेतलें. पण १९४५ सालीं तो हलाखींतच गेला. विद्वत्सभा त्याला आपला म्हणेना, कारण त्यानें आपली विद्या आमच्या दारीं आणली होती. जन्मानें कुलकर्णी असून ही गत, तर जन्मानें मांग-महार, कोल्हाटी असणारांची काय कथा! विठाबाई नारायणगांवकरांस राष्ट्रपतीचें पदक मिळालें, पण म्हातारपणीं औषधास पैसा पुरला नाहीं. आतां त्यांच्या नांवें सरकार पुरस्कार देतें.

वृद्ध कलावंतांस सरकार मानधन देतें, हें खरें आहे. २०२४ पर्यंत त्याचे अ, ब, क असे तीन वर्ग होते: देशांत गाजलेला तो 'अ', राज्यांतला 'ब', आणि जिल्ह्यांत फिरणारा तो 'क'. ज्याचें सारें आयुष्य जिल्ह्यांतल्या जत्रांत गेलें तो गोंधळी 'क' होणार हें लिहून ठेवलेलेंच. २०२४ सालीं वर्ग मोडले, सर्वांस दरमहा ५,००० रुपये झाले व योजनेस राजर्षि शाहूंचें नांव दिलें. चांगलें झालें. पण हें मानधन म्हातारपणाची काठी आहे. तरणाबांड ढोलकीवाला पोट भरेना म्हणून पुण्यामुंबईस हॉटेलांत बशा विसळतो, त्यास पन्नाशीनंतरच्या काठीचा काय उपयोग?

कोणी शहाणे म्हणतील, ही गांवठी कला पाहुण्यांस रुचत नाहीं. त्यांनीं रंगपंचमीस वाईजवळच्या बावधनास जाऊन बगाड पाहावें. नवसाच्या भोळेपणाविषयीं आमचें मत जगजाहीर आहे. तें गिळून आम्ही बोलत नाहीं. पण तो अवजड लांकडी गाडा, त्याचें शीड, बैलांच्या जोड्या, आणि तें सारें जुळविणार्‍या सुतारादि बलुतेदारांची करामत पाहण्यास माणसांचा पूर लोटतो, आणि त्यासाठीं कोणास ठेका द्यावा लागत नाहीं. मिरजेच्या शिकलगारांनीं हत्यारें घडवितां घडवितां सतारी-तंबोरे घडविले व २०२४ सालीं त्या वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. गवई सांभाळले गेले, म्हणून तंबोरा करणारा टिकला. हलगी मढविणार्‍याचें गिर्‍हाईक कोण सांभाळणार?

मागणें आमचें मोठें नाहीं. फ्रान्सांत १९५१ पासून शाळेची इमारत बांधतांना खर्चाचा शेंकडा एक भाग कलेसाठीं ठेवतात. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरानें १९५९ सालीं असाच नियम केला. आपल्याकडे नगरपालिकांनीं महिला व बालकल्याणासाठीं शेंकडा पांच राखावे हा दंडक आहेच. तेव्हां राखून ठेवण्याची रीत आम्हांस परकी नाहीं. पाचगणीच्या नगरपरिषदेनें सुशोभीकरणाच्या प्रत्येक कामांतील ठराविक भाग जिल्ह्यांतील कलावंतांस, ठेकेदाराच्या हातून नव्हे, तर सरळ द्यावा. वाजविणार्‍याची व नाचणार्‍याची मजुरी ठरवून ती दरसूचींत लिहावी, म्हणजे 'किरकोळ' हा शब्द जाईल. चित्र कोणतें व कोणाचें हें ठरविणार्‍या मंडळांत एक तमासगीर, एक गोंधळी, एक धनगर बसावा. एकटे साहेब व एकटे प्राध्यापक नकोत. चित्राखालीं काढणार्‍याचें नांव व गांव लिहावें. आणि गांवांत एक उघडा पार बांधावा, जेथें आठवड्यांतून एक संध्याकाळ पायथ्याच्या गांवांतील फड, भजनी मंडळें, शाहीर बिदागी घेऊन उभे राहतील. टेबललँडवर मात्र मांडव घालूं नये. तो सारा डोंगर २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील ठरलेला आहे, व पठाराचें कातळ हीच तेथली शोभा आहे.

२०२५ च्या मे महिन्यांत २ ते ४ तारखेस शेजारीं महाबळेश्वरास सरकारनें महापर्यटन उत्सव थाटामाटानें केला. त्यावर आमचा आक्षेप एकच, कीं तो तीनच दिवसांचा होता. कलावंतास बाकीचे दिवसहि जेवावें लागतें.

वाई, जावळी व महाबळेश्वर या तिन्ही तालुक्यांतील वाचकांस आमची सूचना आहे कीं त्यांनीं येत्या ग्रामसभेंत आपल्या गांवच्या वाजविणारांचीं, गाणारांचीं व चित्रें काढणारांचीं नांवें वाचून घ्यावींत, तीं ठरावांत उतरवावींत, आणि ठरावाची एक नक्कल नगरपरिषदेकडे व एक आमच्याकडे धाडावी. आलेलीं सर्व नांवें आम्ही गांववार छापूं.